पाय मुरगळला, बर्फ किती दिवस?

प्रश्न : वय ३४, राहायला सोलापूरच्या पूर्व भागात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतो. गेल्या रविवारी नंदीध्वजाच्या (सिद्धेश्वर यात्रेत मिरवतात ती उंच काठी) सरावाहून येताना गटाराच्या कडेवर पाय पडला आणि उजवा घोटा आत वळला. 'कट्' असा आवाज आला, पाच मिनिटांत टम्म सुजला. एक्स-रेत हाड शाबूत आहे. विश्रांती घ्या, बर्फ लावा, असं सांगितलं. सहा दिवस झाले. दिवसातून पाच-सहा वेळा अर्धा-अर्धा तास बर्फ लावतो, बाकी वेळ पट्टी बांधून पाय उशीवर. सकाळी सूज उतरते, संध्याकाळी परत येते. भिंतीला धरून संडासापर्यंत जातो. आई म्हणते आंबेहळदीचा लेप लाव. मित्र म्हणतो एकदा ओढून बसवून घे, मोकळा होईल. मेहुणा म्हणतो बर्फ सोड आणि चालायला लाग. पाळी बुडाली की पैसे बुडतात. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, सात आठवडे उरलेत. कुणाचं ऐकू? आणि यंदा नंदीध्वज धरता येईल का?

उत्तर : मेहुण्याचं ऐका, पण अर्धंच. बर्फ आता बंद करा. चालायलाही लागा, मात्र सोमवारपासून अख्खी पाळी मागावर उभं राहायचं असा त्याचा अर्थ घेऊ नका. मित्राचं अजिबात ऐकू नका. आईच्या लेपाबद्दल पुढे सांगतो.

आधी एक तपासणी. 'कट्' आवाजाने घाबरायचं कारण नाही, लिगामेंटचे, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांचे, धागे तुटतानाही तो येतो. पण पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत बारीक चीर कधीकधी दिसत नाही, म्हणून आज बोटाने चार जागा दाबून बघा. बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर साधारण ६ सेंटिमीटरपर्यंत. आतल्या घोट्याची तशीच कड. पावलाच्या बाहेरच्या बाजूला, टाच आणि करंगळी यांच्या मधोमध लागणारा हाडाचा उंचवटा. आणि आतल्या बाजूला, कमानीच्या माथ्यावर, आतल्या घोट्याच्या जरा खाली-पुढे असलेलं छोटं हाड. यातल्या एखाद्या हाडावरच दाबून कळ येत असेल, किंवा लंगडत का होईना पण सलग चार पावलं टाकता येत नसतील, तर पुन्हा दाखवून घ्या. एक्स-रे कुणाचा काढायचा हे ठरवायला कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये हेच निकष मांडले आणि जगभरच्या अपघात विभागांत ते आजही वापरतात.

अजून एक बघा. पोटरीच्या मधोमध नडगीची दोन्ही हाडं हाताने एकमेकांकडे दाबली आणि कळ खाली घोट्याच्या वरच्या भागात आली, किंवा पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवताना तिथेच दुखलं, तर इजा घोट्याच्या वर, ही दोन हाडं जिथे जोडली जातात त्या जोडाची असू शकते. ती भरायला बराच जास्त वेळ लागतो आणि खाली दिलेलं वेळापत्रक तिला लागू नाही. तुमचा घोटा आत वळला आणि सूज बाहेरच्या घोट्याच्या पुढे-खाली असेल, तर बहुधा नेहमीचंच लिगामेंट दुखावलं आहे, घोट्यापासून पुढे पावलाच्या हाडाकडे जाणारं. पाय मुरगळण्यात सगळ्यांत आधी तेच ताणलं जातं. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

आता बर्फ. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हा चार कलमी उपाय अमेरिकेतले डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केला. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींनी जखम भरायला उशीर होऊ शकतो. कारण असं. दुखापतीनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात, तुटलेले तुकडे साफ करतात आणि नवीन ऊती बांधायचे संदेश सोडतात. लाली, ऊब, सूज ही त्या कामाची खूण. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि ही वर्दळ मंदावते. प्राण्यांच्या स्नायूंवरच्या काही प्रयोगांत बर्फाने भरणं लांबल्याचं दिसलं आहे. माणसांत बर्फामुळे मोठं नुकसान होतं असं सिद्ध झालेलं नाही, तसंच बर्फाने लिगामेंट लवकर सांधतं याचाही भक्कम पुरावा नाही. बर्फ एक काम नक्की करतो, ते म्हणजे बधिर करणं. पहिल्या दिवसा-दोन दिवसांत दुखण्याने झोप येत नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावायला हरकत नाही. तुम्ही लावता तसा अर्धा तास, दिवसातून सहा वेळा, सहाव्या दिवशी, याला मात्र काही अर्थ नाही. घोट्यापाशी कातडीखाली लगेच नसा असतात, इतका वेळ गारठवलं तर कातडी भाजल्यासारखी होते, नस बधिर पडते. मधुमेह असेल तर बर्फही नको आणि गरम शेकही नको, कारण पायाला चटका कळेलच असं नाही.

सूज संध्याकाळी का परत येते? ऊतींमधलं जादा पाणी परत नेणाऱ्या लसिकावाहिन्यांना हृदयासारखा मोठा पंप नाही. पोटरीचा स्नायू आवळला-सुटला की ते पाणी वर ढकललं जातं. तुम्ही पाय हलवत नाही, मग ते जाणार कुठून? रात्रभर उशीवर असतो म्हणून सकाळी उतरतं, दिवसा पाय लोंबला की पुन्हा साचतं. पट्टीने थोडा आधार मिळतो, पण खरा उपसा पोटरी करते.

पाय हलवायचं दुसरं कारण लिगामेंटमध्येच आहे. पहिल्या चार-पाच दिवसांनंतर तिथे नवीन धागे पडायला लागतात. सुरुवातीला ते कसेही, आडवे-तिडवे पडतात. त्यांना मोजका ताण मिळाला तरच ते ताणाच्या दिशेने ओळीत येतात आणि बळकट होतात. मागाच्या बीमवर ताणा (उभे धागे) सैल असेल तर कापड कसं निघतं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उलट बाजूनेही तेच खरं : फार लवकर फार जोराने ओढलं तर नवे धागे तुटतात. बेलफास्टमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हलक्या ते मध्यम मुरगळलेल्या घोट्याला पहिल्या आठवड्यापासून व्यायाम दिला, तेव्हा नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा पाय लवकर कामाला लागला.

मोजका ताण म्हणजे किती, हे ओळखायचा नियम एकच आहे आणि तो पाठ करा. दुखणं ० ते १० मध्ये मोजा. व्यायाम करताना ३ पर्यंत चालेल. ४ झालं की थांबा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पाय कालच्या सकाळपेक्षा जास्त दुखता किंवा सुजलेला नको. सूज डोळ्याने मोजू नका, फसगत होते. शिंप्याची टेप घ्या, दोन्ही घोट्यांच्या हाडांवरून आणि टाचेवरून फिरवून रोज सकाळी त्याच जागी मोजा, वहीत लिहा. कालच्यापेक्षा एक सेंटिमीटरहून जास्त वाढली तर त्या दिवशी सगळं निम्मं करा. बंद करू नका, निम्मं. गोळी घेऊन दुखणं मोजायचं नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आधी, डायक्लोफेनॅकसारखी सूज उतरवणारी गोळी डॉक्टर म्हणाले तरच, आणि कोणतीही असली तरी ती उतरल्यावर पाय काय सांगतो ते खरं.

आजपासून काय करायचं. आडवं पडून पाय छातीपेक्षा उंच ठेवा आणि पाऊल स्वतःकडे-दूर, स्वतःकडे-दूर असं २० वेळा, पोटरी घट्ट आवळून. जागे असाल तोवर दर तासाला. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे आणि सगळ्यांत जास्त टाळलं जातं, कारण ते व्यायामासारखं वाटतच नाही. दिवसातून दोनदा अंगठ्याने हवेत क पासून ज्ञ पर्यंत अक्षरं काढा, मोठी, सावकाश. गुडघा हलू देऊ नका, घोट्यातून काढा. एखादं वळण दुखलं तर ते अक्षर छोटं काढा.

मग भिंत. खुर्चीवर बसून पावलाची बाहेरची कड भिंतीला टेकवा आणि पाऊल न हलवता बाहेर दाबा, ५ ते १० सेकंद, दहा वेळा. जोर निम्माच. तसंच आतल्या बाजूला, वर आणि खाली. सांधा हलत नाही म्हणून हे पहिल्या आठवड्यातही सुरक्षित. शेवटी बसून पाय लांब करून पावलाच्या चवड्याला टॉवेलचा पट्टा अडकवा आणि स्वतःकडे ओढून ३० सेकंद धरा, तीन वेळा. टॉवेलची तुमच्याकडे काही कमी नाही. पोटरीत ताण जाणवला पाहिजे, बाहेरच्या घोट्यावर कळ नको.

चालण्याचं. काठी किंवा कुबडी डाव्या हातात घ्या. दुखरा पाय उजवा, तर आधार उलट्या हातात. जवळजवळ प्रत्येक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतो आणि मग त्याच बाजूला कलंडतो. टाच आधी, मग चवडा, मग अंगठ्याने ढकला. पाऊल छोटं घ्या, पण सरळ घ्या. पाऊल बाहेर फिरवून फरफटत चालायची सवय एकदा लागली की घोटा बरा झाल्यावरही गुडघा आणि कंबर दुखायला लागतात. पाच मिनिटांच्या पाच-सहा फेऱ्या. घरातही बूट घाला, नाडी बांधलेले, चप्पल नको. फरशीवर सपाता घसरतात आणि दुसऱ्यांदा मुरगळलेला पाय पहिल्यापेक्षा वाईट असतो.

क्रेप बँडेज दिवसा बांधा, झोपताना सोडा. चवड्यापासून सुरुवात, घोट्याभोवती आठच्या आकड्यात, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर, खाली घट्ट आणि वर जाताना सैल. बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबा. पांढरं झालेलं दोन सेकंदांत लाल व्हायला हवं. बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधा. फक्त घोट्यावरच घट्ट बांधली की पाऊल पावासारखं फुगतं, आणि मग लोकांना वाटतं सूज वाढली.

बसण्या-उठण्यात दोन गोष्टी घरोघरी चुकतात. पहिली मांडी. मांडी घातली की बाहेरचा घोटा जमिनीवर दाबला जातो आणि पाऊल आत वळतं, म्हणजे ज्या दिशेने लिगामेंट फाटलं त्याच दिशेने तासभर ताण. जेवायलाही तीन आठवडे खुर्ची किंवा पाटावर पाय पुढे. दुसरी उकिडवं बसणं. भारतीय संडास असेल तर कमोडचं स्टूल मागवा, काही दिवसांचा प्रश्न आहे.

आंबेहळदीचा लेप लावायला हरकत नाही. कातडी फाटलेली नसेल तर कोमट लेपाने बरं वाटतं. तो जखम सांधत नाही, आणि तो लावला म्हणून व्यायाम टळत नाही. लेपावरून करकचून फडकं बांधू नका, पुरळ उठलं तर धुऊन टाका. ओढून 'बसवणं' ही मात्र वेगळी गोष्ट. मुरगळलेल्या घोट्यात काही निखळलेलं नसतं, त्यामुळे बसवायला काहीच नसतं. जो 'कड' आवाज येतो त्याने मोकळं वाटतं, पण ओढ बसते ती नुकत्या पडलेल्या धाग्यांवर. खसाखसा तेल चोळणंही दुखऱ्या जागेवर अजून आठवडाभर नको. पोटरीवर वरच्या दिशेने हलका हात फिरवला तर चालेल.

आठवड्याभरात लंगडणं कमी झालं, सपाट जागी आधाराशिवाय चालता आलं, की पुढचा टप्पा. तारखेवर जाऊ नका, चालीवर जा. भिंतीला बोटं टेकवून दोन्ही टाचा उचला, दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, १०चे तीन फेरे. जमलं की दोन्ही पायांनी वर जा आणि फक्त उजव्यावर खाली या. मग एकट्या उजव्यावर. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतो. तो खाटेच्या पायाला बांधून चवड्यात अडकवा आणि पाऊल बाहेर ओढा, परत येताना सावकाश, १५चे तीन फेरे. पाऊल बाहेर ओढणारा हा स्नायू पाय आत वळू लागला की बाहेर खेचून वाचवतो. पुन्हा पुन्हा मुरगळणाऱ्यांमध्ये तो बऱ्याचदा कमकुवत किंवा उशिरा जागा होणारा असतो.

आणि तोल. फाटलेल्या लिगामेंटमधले, पाय कुठे वाकलाय हे मेंदूला सांगणारे तंतूही दुखावतात. म्हणून सूज गेली, दुखणं गेलं, तरी पाय 'दगा' देतो. एका पायावर ३० सेकंद उभं राहा, दिवसातून पाच-सहा वेळा. दात घासताना, चहा उकळताना. सोपं झालं की डोळे मिटून, कोपऱ्यात उभं राहून, म्हणजे दोन्हीकडे भिंत हाताशी. मग घडी घातलेल्या चादरीवर. लोक नेमकं हेच सोडतात, कारण तोवर दुखत नसतं.

घोटा किती मोकळा झाला ते भिंतीवर मोजा. पाऊल भिंतीकडे तोंड करून ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा, आणि अंगठा भिंतीपासून जितका मागे नेता येईल तितका न्या. डाव्या पायाचं अंतर आणि उजव्याचं यात फरक दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर टॉवेलच्या पट्ट्याचा ताण चालू ठेवा.

कामाचं. उभं राहण्यापेक्षा एकाच जागी न हलता उभं राहणं वाईट. दहा-बारा दिवसांनी आधाराशिवाय अर्धा तास चालता आलं तर अर्धी पाळी मागून बघा. मुकादमाला आधीच सांगा, पहिल्या दिवशी सलग आठ तास उभं राहून तिसऱ्या दिवशी पुन्हा घरी बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. मागाजवळ १५ सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा, आलटून पालटून एकेक पाय त्यावर. दर पंधरा मिनिटांनी टाचा उचलून दहा वेळा पोटरी आवळा. दोन मागांमध्ये वळताना पाय जमिनीवर रुतवून अंग पिळू नका, पावलं टाकून वळा. तेल सांडलेली फरशी पुसून घ्या. मधल्या सुट्टीत पाय वर करून पडा, वीस मिनिटं.

तंबाखू, मावा, बिडी काहीही असेल तर हे दोन महिने तरी सोडा, निकोटिनने ऊतींना रक्त कमी मिळतं. जेवणात डाळ, अंडी, दूध वाढवा. भाकरीबरोबर शेंगाचटणी तुमच्याकडे असतेच.

आता नंदीध्वज. गड्ड्यापर्यंत तुमच्या दुखापतीला आठ आठवडे होतील. मध्यम मुरगळ असेल आणि आजपासून नीट चाललं तर शक्य आहे, पण 'शक्य' आणि 'खात्री' यांत अंतर आहे. दुखणं बहुतेक तीन-चार आठवड्यांत जाईल, लिगामेंटला पुरती ताकद यायला मात्र कित्येक महिने लागतात. त्यात तुमचं ओझं साधं नाही : उंच काठी, वजन वर, तोल क्षणाक्षणाला बदलणारा, भोवती गर्दी, आणि शहरातल्या अडुसष्ट शिवलिंगांची लांब फेरी. घोटा दगा देऊन काठी कलली तर एकट्या तुमच्याच अंगावर येणार नाही.

म्हणून चौथ्या आठवड्यापासून ओझं चढवत न्या. आधी मोकळं अर्धा तास भरभर चालणं, कंबर तलावाभोवती किंवा पार्क मैदानावर. मग वाळूची ५ किलोची पिशवी छातीशी धरून पंधरा मिनिटं. दुसऱ्या सकाळी टेपचं माप ठीक असेल तर दोन दिवसांनी १०, मग १५. मग तेच ओझं घेऊन वळणं, थांबणं, मागे सरकणं, उतार चढणं. एकाच दिवशी वजनही वाढवायचं आणि अंतरही, असं करू नका, दोन्हीतलं एकच. अनवाणी चालणार असाल तर शेवटचे दोन आठवडे रोज थोडं अनवाणी चाला. सहाव्या आठवड्यात नंदीध्वजाची काठी, तीही दोन्ही बाजूंना माणसं ठेवून.

गड्ड्याच्या पाच दिवस आधी स्वतःची परीक्षा घ्या. एका पायावर सलग २० टाचा उचलणं, डाव्याइतक्याच सहज. डोळे मिटून एका पायावर दहा सेकंद. उजव्या पायावर पुढे आणि बाजूला लंगडी घालणं, पाय न थरथरता. तासभर चालून दुसऱ्या सकाळी सूज नाही. चारही जमलं तर धरा, पण घोट्याला चिकटपट्टीची टेप किंवा नाडीचा ब्रेस लावून. एकदा मुरगळलेल्या पायाला या आधाराने पुन्हा मुरगळण्याची शक्यता कमी होते, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. टेप अनवाणी पायालाही बांधता येते, पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. एकही राहिलं तर मिरवणुकीचा बाराबंदी पोशाख घालून सोबत चाला आणि काठी जोडीदाराला द्या. त्याला आजच सांगून ठेवा, ऐन वेळी नको. तोल आणि ट्यूबचे व्यायाम काहीही झालं तरी तीन महिने चालू ठेवा, आठवड्यातून तीन दिवस.

या काळात पोटरी एका बाजूने सुजून गरम आणि कडक झाली, दाबून दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर व्यायाम, मालिश काही न करता थेट दवाखाना गाठा, अगदी रात्र असली तरी. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची ती लक्षणं असू शकतात. ताप येऊन घोटा लालबुंद झाला किंवा पाऊल बधिरच राहिलं तरी तसंच. आणि दोन आठवडे हे सगळं करूनही लंगडणं तसूभर कमी झालं नाही, तर पुन्हा तपासणी करून घ्या.